भात वेगळा की एकत्र

"पिसाह आपे चाम्पुर, बू?"

जकार्तात येऊन मला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा तेबेत भागातल्या एका वारुंगवाल्याने, म्हणजे रस्त्याकडेच्या छोट्या खानावळीच्या मालकाने, मला हा प्रश्न विचारला. 'भात वेगळा की एकत्र, बाई?' एवढाच त्याचा अर्थ होता. पिसाह म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते, चाम्पुर हा शब्द मात्र ऑफिसात कानावरून गेलेला होता, म्हणून मी धीटपणे "चाम्पुर" असे सांगून मोकळी झाले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता खोलगट थाळीतल्या भातावर तो दाट, पांढुरका रस्सा ओतला. दोन मिनिटांत भाताने रस्सा पिऊन टाकला आणि माझ्यापुढे आजाऱ्याला द्यावा तसा गुरगुट्या भात उरला. शेजारी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी माझ्या थाळीकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी आमच्याकडे पुरणपोळीवर टोमॅटो सॉस घेणाऱ्या मुलांकडे पाहताना वापरते.

तो रस्सा म्हणजे सोतो बेतावी, आणि हा गोमांसाचा पदार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तो विषय नको असेल त्यांना इथेच थांबता येईल. मी वसईची, ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे हे मांस लहानपणी रविवारी शिजत असे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि तेव्हापासून बाजारात मिळते ते म्हशीचे. त्यामुळे जकार्तात पाटीवर उघडपणे 'सापी', म्हणजे गाय-बैल, असे लिहिलेले वाचताना सुरुवातीला मला थोडे चोरट्यासारखे वाटले, हे खरे. इथे तो शब्द तितकाच साधा आहे, जितका आपल्याकडे कोंबडीचा.

माझा वारुंग तेबेत स्टेशनापासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर, दुचाकी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या भिंतीला टेकून उभा आहे. वर ताडपत्री, खाली सिमेंटची ओबडधोबड जमीन, दोन लांब टेबले आणि बिनपाठीची प्लास्टिकची स्टुले. पुढच्या बाजूला कापडी पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत पदार्थाचे नाव रंगवलेले आहे. चालवणारे नवरा-बायको दोघेही अस्सल बेतावी, म्हणजे जकार्ताच्या जुन्या रहिवाशांपैकी. त्याला सगळे 'बांग' म्हणतात, म्हणजे दादा, आणि तिला 'म्पोक', म्हणजे ताई. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या इंडोनेशियन भाषेत जिथे शब्दाच्या शेवटी 'आ' येतो, तिथे ही माणसे 'ए' म्हणतात. 'आपा'चे 'आपे' होते, 'आदा'चे 'आदे' होते. सकाळी दहाला वारुंग उघडतो, शुक्रवारी नमाजानंतर, आणि भांड्यातला रस्सा संपला की बंद होतो. तीनच्या पुढे गेलात तर बहुधा धुतलेले भांडेच दिसेल.

दर्शनी भागात काचेची एक पेटी आहे आणि सोतो बेतावीचे अर्धे मर्म त्या पेटीत आहे. उकडून ठेवलेले मांसाचे लगदे, म्हणजे दागिंग. टॉवेलसारखी खडबडीत दिसणारी बाबात, म्हणजे वजडी. कडा करड्या पडलेली पारू, म्हणजे फुप्फुसे. आतडी, आणि पायाजवळचा चिवट, पारदर्शक किकिल. तुम्ही बोट दाखवायचे किंवा नावे घ्यायची, आणि बांग ते तुकडे लाकडाच्या गोल ठोकळ्यावर ठेवून जाड सुरीने घासाएवढे कापतो. मग दुसरा प्रश्न येतो: "गोरेंग आपे रेबुस?" तळून की नुसते उकडलेले? तळून सांगितले तर कापण्याआधी तुकडा कढईत एक डुबकी घेऊन येतो, त्याला वरून पातळ कुरकुरीत कड येते आणि आतला भाग मऊ राहतो. फुप्फुसे तळूनच खावीत, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण उकडलेल्या फुप्फुसाला स्पंजापलीकडे फारसे व्यक्तिमत्त्व नसते. वजडी मात्र उकडलेलीच बरी. तिच्या खाचांमध्ये रस्सा जाऊन बसतो आणि तळल्यावर त्या खाचा मिटतात.

मराठी वाचकाला हा रस्सा समजावून सांगायचा तर कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शापासून सुरुवात करावी लागेल. हाडामांसाचे उकळलेले पाणी, नारळाचे दूध, खडा मसाला आणि तिखटाचा संयम, इथपर्यंत दोघांची वाट एकच आहे. पुढे ती फुटते. इथल्या वाटणात लाल लहान कांदे, लसूण, आले, धणे, मिरे आणि केमिरी नावाचे तेलकट दाणे असतात, आणि ते वाटण परतून झाले की भांड्यात कुळंजनाचा ठेचलेला तुकडा, सालाम नावाच्या झाडाची पाने आणि गवती चहाची ठेचलेली कांडी पडते. पान चहात टाकून आपण गवती चहाचा तळाचा दांडा फेकतो. इथे नेमका तोच वापरतात आणि पाने फेकतात. काही जण त्यात जायफळ, लवंग आणि दालचिनीही घालतात. मांस शिजलेल्या पाण्याला 'काल्दू' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज. आमच्या वसईवर पोर्तुगीजांचे राज्य १५३४ ते १७३९ असे दोनशे वर्षे होते, तेव्हा असा शब्द भेटला की मी जरा थबकते. मराठीतल्या सपाता आणि इथले 'सेपातू', म्हणजे बूट, हेही त्याच जहाजांतून उतरलेले.

नारळाच्या दुधाला इथे सांतान म्हणतात. म्पोक मला एकदा मागच्या बाजूला घेऊन गेली, तेव्हा ती सांतान काढत होती, आणि तिथे मला काही शिकावे लागले नाही. खवलेले खोबरे कोमट पाण्यात भिजवून, कापडातून पिळून पहिले दाट दूध वेगळ्या भांड्यात, मग त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरे पातळ दूध. आमची आजी हेच करीत असे, आणि पिळताना तिच्याही कोपरापर्यंत ओघळ येत. पातळ दूध आधी काल्दूत जाते आणि मसाल्याबरोबर उकळते. दाट दूध शेवटी, मंद आचेवर, आणि ते पडल्यापासून ओगराळे थांबत नाही. ते थांबले आणि मोठी उकळी आली की सांतान फुटते, वर तेल आणि खाली चोथापाणी होते. "पेचाह," असे म्हणत म्पोकने हाताने काच फुटल्याची खूण केली. भांडे फुटणे आणि नारळाचे दूध फुटणे यांसाठी दोन्हीकडे एकच क्रियापद वापरतात, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचले नव्हते.

याच ठिकाणी सोतो बेतावीचा मोठा वाद उभा राहतो. पुष्कळ ठिकाणी सांतानऐवजी गाईचे दूध घालतात, काही ठिकाणी दोन्ही. दूधवाल्यांचे म्हणणे असे की दुधाने रस्सा हलका आणि गोडसर होतो आणि तासन् तास टिकतो. सांतानवाल्यांचे म्हणणे असे की मग ते बालकांचे खाणे झाले. मी दोन्ही चाखले आहेत. दुधाचा सोतो पहिल्या चार चमच्यांना फार चांगला लागतो, पाचव्यापासून त्यात खीर डोकावू लागते. सांतानच्या सोतोचा क्रम उलटा आहे, तो हळूहळू चढतो. शिवाय काही जण वरून थोडे 'मिन्याक सामिन' घालतात. सामिन हा अरबी शब्द आहे आणि वस्तू म्हणजे आपले तूप. गोमांसाच्या रश्शावर तुपाचा वास येतो, तेव्हा माझ्या मनातली दोन कपाटे एकदम उघडतात आणि मी पटकन पुढचा घास घेते.

नावाबद्दल थोडे. सोतो हा प्रकार बेतावींचा एकट्यांचा नव्हे. जावात आणि त्याबाहेरही गावोगाव त्याचे वेगळे रूप आहे. मकासारला त्याला 'चोतो' म्हणतात, पेकालोंगानला 'ताउतो', बान्युमासला 'स्रोतो'. फ्रेंच इतिहासकार देनी लोंबार यांच्या मते मूळ पदार्थ चिनी स्थलांतरितांचा होता आणि त्याचे नाव 'चाउदो' असे काहीसे होते. आतड्या-वजडीचा वापर पाहता ते पटण्यासारखे आहे. 'बेतावी' हे बटाव्हियाचे स्थानिक रूप. यान पीटरसून कून या डच अधिकाऱ्याने १६१९ मध्ये जयाकार्ता जाळून तिथे बटाव्हिया वसवले, आणि त्या शहरात मलय, जावानी, सुंदानी, बाली, चिनी, अरब, तसेच बंगाल आणि मलबार-कोरोमंडल किनाऱ्यावरून आणलेली गुलाम माणसे अशी नाना तऱ्हेची वस्ती एकत्र आली. त्यातून जे लोक घडले, त्यांची बेतावी म्हणून वेगळी नोंद पहिल्यांदा १९३० च्या जनगणनेत झाली. यापुढे 'जसे लोक तसा त्यांचा रस्सा' असे वाक्य लिहिण्याची इथल्या वृत्तपत्रांना खोड आहे. ते मी टाळते, कारण त्या न्यायाने मिसळीबद्दलही तेच लिहिता येईल. 'सोतो बेतावी' हे नाव पाटीवर चढवण्याचे श्रेय मात्र लोकासारी भागातल्या ली बून पो नावाच्या विक्रेत्याला देतात आणि काळ १९७७ च्या आसपासचा सांगतात. रस्सा त्याच्याही आधीचा आहे. त्याचा गरीब भाऊ 'सोतो तांग्कार' अजून मिळतो, त्यात फासळीची हाडे असतात आणि मांस शोधावे लागते.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मी माझ्या चोरटेपणाबद्दल सांगितले, तेव्हा त्याने मला कुदुसची गोष्ट सांगितली. तो स्वतः मध्य जावातल्या कुदुसचा. जावात इस्लामचा प्रसार केलेल्या नऊ वलींपैकी एक, सुनान कुदुस, यांनी सोळाव्या शतकात आपल्या अनुयायांना गाय मारू नका असे सांगितले, कारण आसपासच्या हिंदूंना ती पूज्य होती. त्या गावात अजूनही गाय कापत नाहीत. ईदलाही म्हैस कापतात, आणि 'सोतो कुदुस' खायला गेलात तर वाटीत म्हशीचे मांस किंवा कोंबडी मिळते. १५४९ च्या तिथल्या मशिदीचा विटांचा मनोरा हुबेहूब जुन्या जावानी मंदिरासारखा आहे. "आमच्या घरी आजोबांनी जन्मात सापी चाखले नाही," असे तो सहज म्हणाला आणि त्याच दुपारी माझ्याबरोबर येऊन त्याने सोतो बेतावी मागवला, वजडी जास्त घालून. मी त्याच्याकडे पाहिले, तर म्हणाला, "हे कुदुस नाही, जकार्ता आहे."

आता टेबलाकडे यायला हवे, कारण मला खरे सांगायचे आहे ते तिथले आहे. बांग जी वाटी पुढे ठेवतो, ती मुद्दाम अपुरी असते. वाटीच्या तळाशी तुमचे मांस, त्यावर टोमॅटोच्या फोडी आणि तळलेले बटाटे, मग दोन ओगराळी कढत रस्सा, वर कांद्याची पात, सेलरीची पाने आणि तळून कुरकुरीत केलेला कांदा. मीठ बेताचे. आंबट काही नाही, तिखट काही नाही, गोड काही नाही. पहिला चमचा घेतला की असे वाटते, मांडी घालून बसलेला कोणी थोर माणूस आहे पण बोलत नाही. त्याला बोलता करणे हे आपले काम. टेबलावर लिंबांची बशी असते, आपल्या लिंबाहून लहान, हिरवी, खरखरीत सालीची 'जेरुक लिमाऊ', तिच्या सालीचाच वास निम्मे काम करतो. शेजारी उकडलेल्या मिरच्यांचा साम्बाल, काळ्या गुळासारखा ओघळणारा गोड सोया म्हणजे केचाप मानिस, आणि काकडी-गाजराचे आंबटगोड 'आचार'. हा शब्द आपल्याकडे हिंदीतून ओळखीचा आहे, पण तेल-मोहरी शोधू नका, ती सिरक्यातली कोशिंबीर समजा.

या चौघांना बोलावण्याचाही क्रम असतो, आणि तो मला त्या पहिल्या दिवशीच्या शेजारच्या गृहस्थांनी पुढे कधीतरी शिकवला. तेही जवळजवळ रोजचे गिऱ्हाईक. आधी काहीही न घालता दोन चमचे प्यायचे, कारण त्याशिवाय आज मीठ कुठे आहे ते कळणार नाही. मग लिंबू, अर्धेच. मग साम्बाल चमच्याच्या टोकाने, वाटीच्या एका कडेला, सगळीकडे ढवळून नव्हे, म्हणजे वाटीत तिखट आणि सौम्य असे दोन प्रांत राहतात आणि चमचा हवा तिकडे नेता येतो. केचाप सर्वांत शेवटी आणि शक्यतो मांसाच्या तुकड्यावर. रश्शात ओतलात तर पांढरा रंग मळतो आणि बांगचे तोंड उतरते. भाताची ताटली वेगळी. चमच्यात आधी थोडा भात घ्यायचा, तो चमचा रश्शात बुडवायचा, वर एक तुकडा ठेवायचा आणि तोंडात टाकायचा. भात रश्शाकडे जातो, रस्सा भाताकडे येत नाही. एवढ्यासाठी 'पिसाह' म्हणायचे असते.

एम्पिंगच्या बाबतीतही मी अशीच फसले होते. मेलिंजो नावाच्या झाडाच्या बिया गरम करून, साल काढून, दगडावर ठोकून चपट्या करतात, वाळवतात आणि तळतात; त्या किंचित कडवट, पापडासारख्या चकत्या म्हणजे एम्पिंग. पहिल्यांदा मी अख्खी पुडी वाटीत चुरडली आणि चिवड्यावर पाणी पडावे तशी तिची अवस्था झाली. एकेक चकती रश्शात टोकाने बुडवून, अर्धी मऊ आणि अर्धी करकरीत असताना खायची असते. दाट नारळाच्या दुधानंतर जिभेवर जो लेप बसतो, तो या कडूपणाने साफ खरवडून निघतो.

अर्थात वजडी, फुप्फुसे, नारळ, तूप आणि एम्पिंग ही यादी कोणत्याही डॉक्टरला दाखवण्यासारखी नाही. ऑफिसातले लोक जेवायला जाताना 'आसाम उरात', म्हणजे संधिवाताच्या त्या दुखऱ्या यूरिक अ‍ॅसिडबद्दल, आणि कोलेस्टेरॉलबद्दल असे बोलतात जसे आपण पावसाबद्दल बोलतो: येणार आहे हे माहीत असते, छत्री कोणी घेत नाही. जेवणानंतर सगळे गंभीरपणे बिनसाखरेचा कोमट चहा पितात आणि हिशेब चुकता झाला असे मानतात. हा 'ते तावार' काचेच्या जाड पेल्यात न मागता येतो आणि त्याचे पैसे बांग घेत नाही.

परवा दुपारी एकाएकी पाऊस आला. ताडपत्रीवर इतका आवाज होत होता की उकुलेले वाजवत आलेला गाणारा पोरगा दोन ओळींनंतर थांबला आणि आमच्यातच स्टुलावर बसून राहिला. म्पोकने त्यालाही चहा दिला. रस्ता घोट्याएवढा भरला, उठून जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यातून एक क्रुपुक, म्हणजे तळलेला पापड, काढला, मग आणखी एक. हा डबा कधी कोणी मोजत नाही. पाऊस ओसरल्यावर मी उठले तेव्हा बांगने जाग्यावरूनच, ठोकळा पुसता पुसता, माझी थाळी आठवून मोठ्याने हिशेब केला: सोतो, दागिंग-बाबात, भात एक, एम्पिंग एक. मग त्याने नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला.

"क्रुपुक किती, बू?"

"दोन," मी म्हणाले. एकूण ४४,००० रुपिया झाले. मी ५०,००० ची नोट दिली, आणि सुटे शोधताना त्याने पावसात अडकलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवातही केली होती, पिसाह आपे चाम्पुर.